जाळीच्या अलीकडे मसाला

कोंबडीला मसाला घालायचा तो ती जिवंत असताना, आणि तोही तिच्या खाद्यातून, असं मी घरात जाहीर केलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी गंभीरपणे बोलणारं माणूस मला भेटेनासं झालं. ज्याला त्याला एकच विनोद सुचला. म्हणजे नंतर वेगळा घालायला नको, थेट पातेल्यात. किराणा दुकानदाराने तो केला, समोरच्या घरातल्या हेडसरांनी केला, बँकेतल्या रोखपालाने काचेच्या फटीतून केला. प्रत्येकाचा चेहरा असा, की हे जगात पहिल्यांदा त्यालाच सुचलंय. सुरुवातीला मी हसायचो. पुढेपुढे समोरच्याचे ओठ हलायच्या आतच मी म्हणून टाकायचो, "हो, थेट पातेल्यात." मग ती मंडळी हिरमुसायची आणि माणूस निवृत्तीनंतर चिडका होतो असं एकमेकांना सांगायची.

शेड बायकोची आहे, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर ती सांगेल. घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची लांबलचक शेड आणि आत ब्रॉयलर कोंबड्या. कापसाच्या बोळ्याएवढी पिल्लं येतात, दीड महिन्यात गुबगुबीत होतात, व्यापारी टेम्पो घेऊन येतो, शेड रिकामी होते, धुतली जाते आणि पुन्हा पिल्लं येतात. मी सांख्यिकी खात्यात टेबलावर बसून इतरांच्या कोंबड्या मोजत होतो, तेव्हा तिने हे सगळं एकटीने उभं केलं. निवृत्त होऊन मी घरी आलो, तेव्हा मला वाटलं होतं की घरात एक अनुभवी माणूस आला म्हणून तिला हायसं वाटेल. तिने मला आठवडाभर निरखलं आणि सोफ्याची जागा बदलली, कारण मी येण्याजाण्याच्या वाटेत बसत होतो.

त्याच सुमारास तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, त्याच्या फर्निचरच्या दुकानात मला गल्ल्यावर बसवायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे बहीणभावांनी ठरवलं, मला कळवण्यात आलं. दुकानात सोफे भरपूर आहेत, तेव्हा बसायचं तिथेही बसूनच, फक्त कुणाच्या वाटेत नाही. मेहुणा स्वभावाने चांगला आहे, पण तो मला "भाऊजी, तुमचा वेळही जाईल" असं म्हणाला आणि ते मला लागलं. वेळ घालवण्यासाठी कुठेतरी नेऊन ठेवायचा माणूस मी झालो होतो. मला काम हवं होतं, आणि ते घरातलं, बायकोच्या शेडमधलं हवं होतं. तिथे माझ्यावाचून काहीतरी अडावं, एवढीच माझी इच्छा होती. ही गोष्ट मी तोंडाने कुणापाशी बोललो नाही, कारण ती बोलायला फार सोपी आहे आणि ऐकायला फार केविलवाणी.

अशा अवस्थेत मी एक माहितीपुस्तिका वाचली. ती जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर पडली होती. आदल्या बॅचमध्ये पिल्लं आजारली होती, औषधांचा मारा झाला होता, आणि तरीही बरीच मरतूक झाली होती. बायको त्या दिवसांत फारशी बोलत नसे. त्यात व्यापाऱ्याची कुरकुर, की आजकाल गिऱ्हाईक औषधाशिवायची कोंबडी मागतं. पुस्तिकेत लिहिलं होतं की खाद्यात हळद, लसूण, ओवा, मेथी, दालचिनी, काळी मिरी बेताने मिसळली तर पिल्लांची भूक वाढते, पचन सुधारतं आणि अंगी ताकद येते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लस चुकवायची नाही, प्रमाण सोडायचं नाही, बाकी फायदा होईल, आणि नाही झाला तर होणार नाही. हा माणूस आमच्या खात्यात असता तर फार वर चढला असता.

घरी येऊन मी बायकोपुढे विषय काढला. तिने हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं आणि मग अट घातली.

"एक बॅच. अर्धी शेड तुमची, अर्धी माझी. तुमच्या कोंबड्या वजनात पुढे गेल्या तर शेडमध्ये तुमची जागा कायमची. नाही गेल्या, तर मुकाट्याने दुकानात जायचं."

आई आतल्या खोलीत होती. माझी आई आमच्याकडेच असते आणि तिला ऐकू कमी येतं, असं ती म्हणते. ती तिथूनच म्हणाली की ओवा भाजून घे.

मसाला दळण्यापासून माझ्या विटंबनेला आरंभ झाला. घरातल्या मिक्सरमध्ये मी मेथी आणि दालचिनी एकदम घातली. मिक्सरने आधी आवाज बदलला, मग वास बदलला आणि मग तो गप्प झाला. शिवाय त्याच भांड्यात मी आधी लसूण वाटला होता, त्यामुळे पुढे कितीतरी दिवस आमच्या घरचा चहा पाहुणे अर्धाच पीत. बायकोने मिक्सर दुरुस्तीला पाठवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, शांतपणे, मला आत यायला बंदी केली. मग मी सगळं पोत्यात भरून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत नेलं. गिरणीवाल्याला मी सांगितलं की औषधी मिश्रण आहे. त्याने माणुसकीने दळून दिलं. त्यानंतर त्याने जात्याचा दगड झटकला असेल किंवा नसेल, पण त्या संध्याकाळी आळीतल्या प्रत्येक घरी पिवळं पीठ पोचलं, आणि त्याला ओव्याचा वास होता. दुसऱ्या दिवशी गिरणीवाला ते पीठ आणि आळीतल्या बायका घेऊन आमच्या दारात आला. मी हळदीचे गुण सांगायला लागलो होतो, पण बायकोने मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि सगळ्यांना नवं पीठ आणून दिलं. त्यात एका आजीबाईंनी मात्र पिवळंच पीठ ठेवून घेतलं. त्यांचं पोट साफ झालं म्हणाल्या. माझ्या संशोधनाचा तो पहिला अनुकूल निष्कर्ष होता.

गिरणीही मला बंद झाली, तेव्हा कारखाना आईकडे गेला. तिने माळ्यावरचा खलबत्ता काढायला लावला आणि अंगणात चटईवर ठाण मांडून कुटायला घेतलं. प्रमाणावरून आमचं रोज वाजायचं. मी छोटा तराजू आणला होता. आई म्हणायची, तुला याच हाताने वाढवला तेव्हा कुठला तराजू होता. यावर तराजूच्या बाजूने काय बोलणार. तडजोड अशी झाली की मी मोजून द्यायचं, तिने कुटायचं आणि कुटलेला मसाला बरण्यांतून तिच्याच कपाटात राहायचा, कारण बाहेर ठेवला की माझ्याकडून सांडतो.

व्यापाऱ्यानेही दरम्यान एक पाचर मारून ठेवली होती. मसाल्याचा एखादा सरकारी कागद आणा, मग तुमचा माल वेगळा म्हणून विकतो, असं तो म्हणाला. कागद म्हटल्यावर माझा ऊर भरून आला. कचेऱ्यांची भाषा मला येते. एक बरणी घेऊन मी पशुखात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, हे खाद्य की औषध. मी म्हटलं, दोन्हींच्या मधलं. त्या म्हणाल्या, मधल्याचं टेबल नाही. खाद्य असेल तर त्यात प्रथिनं किती ते सांगा, औषध असेल तर चिठ्ठी दाखवा. मी म्हटलं, खरं सांगायचं तर हा मसाला आहे. त्यांनी पेनाच्या टोकाने बरणी टेबलाच्या कडेपर्यंत सरकवली आणि रस्त्यापलीकडची इमारत दाखवली.

रस्त्यापलीकडे माणसांच्या अन्नाची कचेरी होती. तिथल्या कारकुनाने विचारलं, कोण खाणार. मी म्हटलं, कोंबड्या. तो म्हणाला, मग आमचा संबंध नाही. मी सुटल्यासारखा जिन्यापर्यंत आलो, तर त्याने मागून हाक मारली.

"आणि कोंबड्या कोण खाणार?"

"माणसं."

त्याने थोडा विचार केला. "म्हणजे शेवटी माणसाच्याच पोटात जाणार. या, बसा."

ते बसणं मला महागात पडलं. माणसाच्या पोटात जाणारी वस्तू जिथे तयार होते त्या जागेची तपासणी करावी लागते, असा नियम निघाला, आणि पुढच्या आठवड्यात एक निरीक्षक आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. आईने त्याला आधी पाय धुवायला लावले. मग त्याने हात दाखवा म्हटलं, तर तिने त्याचेच हात बघितले आणि नखं वाढली आहेत म्हणाली. त्या बिचाऱ्याला जुना खोकला होता. तपासणी बाजूला राहिली, आईने त्याला पाठ टेकून बसवलं, गरम पाणी दिलं आणि जाताना एका पुडीत चमचाभर मसाला बांधून दिला. काही दिवसांनी मी त्याला फोन केला. तो म्हणाला, अर्ज विचाराधीन आहे, खोकला मात्र गेला, अजून थोडा मिळेल का. अर्ज अजूनही विचाराधीन आहे. तो शब्द मी स्वतः इतक्या अर्जांवर लिहिला आहे की त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.

पिल्लं आली. शेडच्या मधोमध मी जाळी ठोकली. जाळीच्या अलीकडे मसाला, पलीकडे साधं. आता तुलना करायची तर मसाला सोडून बाकी सगळं दोन्हीकडे तंतोतंत सारखं पाहिजे, नाहीतर तिला काडीची किंमत नाही, हे आमच्या खात्यात शिपायालाही माहीत असतं. म्हणून मी पहाटे उठायला लागलो. अलीकडची पाण्याची भांडी ब्रशने घासली की लगेच पलीकडची घासायची. अलीकडचं, पिल्लांखाली अंथरलेलं भाताचं तूस दाताळं घेऊन वरखाली केलं की पलीकडचंही करायचं. शेडच्या बाजूंचे पडदे एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. बायको एकदा म्हणाली, एवढं सकाळ-संध्याकाळ घासायची काय गरज आहे. मी म्हटलं, हा शास्त्राचा प्रश्न आहे. ती म्हणाली, मग घासा.

पहिला घोटाळा पिल्लांनीच केला. त्यांनी खाद्यातले मक्याचे दाणे वेचून खाल्ले आणि मसाल्याची भुकटी तळाशी शिस्तीत मागे ठेवली. मी वाकून ती पुन्हा कालवायला गेलो, तर अशी शिंक आली की अर्ध्या दिवसाचा मसाला माझ्या अंगावर. मी पिवळाधमक होऊन घरात आलो तेव्हा मेहुणा बसला होता. त्याने मला पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. पुढे खाद्यावर किंचित तेलाचा हात फिरवायचं तंत्र डॉक्टरांनी सांगितलं आणि भुकटी दाण्याला चिकटायला लागली.

दुसरा घोटाळा हेडसरांचा. समोरच्या घरातले हे निवृत्त मुख्याध्यापक रोज संध्याकाळी हात मागे बांधून शेडवर येत. कुणीतरी विरोधी पक्षात असायला हवं म्हणून त्यांनी साध्या बाजूचं पालकत्व घेतलं. जाळीपलीकडे उभे राहून ते म्हणत, आमची मुलं बघा, चोच खाली घालून खातात, तुमची नुसती धावतात. एकदा त्यांनी काढलं की मसाला म्हणता आणि मिरची कुठाय. मी म्हटलं, मिरचीने पिल्लं कळवळतील. लस द्यायला आलेले डॉक्टर हसले आणि म्हणाले की पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. हेडसरांचा विश्वास बसेना, माझाही बसेना. चिमूटभर मिरची आम्ही वाटीतल्या खाद्यात टाकून ठेवली. पिल्लांनी ती मजेत संपवली. किती तिखट होती ते पाहावं म्हणून वाटीच्या कडेला लागलेली मी बोटाने चाटली. त्यानंतर मी पाण्याची जी भांडी घासत होतो त्यांतल्याच एकातून पाणी प्यालो, आणि हेडसरांनी ही गोष्ट पूर्ण आळीत, अभिनयासह, सांगितली.

तिसरा घोटाळा मला त्या वेळी कळला नाही. मसाला हिशेबापेक्षा लवकर संपत होता. मी देऊन ठेवलेलं आणि उरलेलं यांचा मेळ बसेना. माणसाला सांख्यिकीचं ज्ञान असलं की कुठल्याही गोष्टीला समजूत सापडते. मी कागदावर बरीच आकडेमोड केली आणि या तुटीला हाताळणीतली घट असं नाव दिलं. दुपारी जेवणानंतर मला डुलकी लागते आणि त्याच वेळी आई शेडमध्ये वारा खायला जाऊन बसते, या दोन गोष्टी मी एकमेकींशी जोडल्या नाहीत.

मग ऊन वाढलं. नुसतं वाढलं नाही, हट्टाला पेटलं. ब्रॉयलर कोंबडी अंगाने जड, तिला उकाडा सोसत नाही, आणि अशा दिवसांत एका दुपारीत निम्मी शेड आडवी झाल्याच्या बातम्या येत होत्या. बायकोचा चेहरा पुन्हा आदल्या बॅचसारखा झाला. मी छपरावर गोणपाटं अंथरली आणि त्यांच्यावर पाणी मारत राहिलो. डुलकी बंद. भांड्यातलं पाणी गरम झालं की ओतायचं, नवं भरायचं. माझ्या बाजूला एक फेरी झाली की पलीकडे एक फेरी. कधीकधी मोह व्हायचा. पलीकडची फेरी एखादी चुकली तर कुणाला कळणार होतं, आणि तिथे चार कोंबड्या कमी झाल्या असत्या तर मी जिंकलो असतो. पण जाळीपलीकडून त्या चोच उघडून बघायच्या आणि मला चुकवता यायचं नाही. हे मी शास्त्रासाठी करतोय असंच मी स्वतःला सांगत होतो. संध्याकाळी मी पायरीवर बसून राहायचो, उठायची ताकद नसायची, आणि बायको माझ्या हातात ताकाचा पेला देऊन आत जायची.

ऊन उतरलं. वजनाचा दिवस आला. व्यापारी वजनकाटा आणि जाळीचे पिंजरे घेऊन हजर झाला. हेडसर स्वच्छ सदरा घालून आले. गिरणीवालाही आला, त्याला माझं काय होतं ते पाहायचं होतं. मेहुणा स्कूटर घेऊन आला होता आणि ती त्याने फाटकाकडे तोंड करून लावली होती. मी हरलो तर त्याच स्कूटरवर मागे बसून जायचं, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आधी साधी बाजू काट्यावर गेली. पिंजऱ्यामागून पिंजरा. मग माझी. व्यापारी प्रत्येक पिंजऱ्याचं वजन मोठ्याने सांगत होता आणि मी मनातल्या मनात बेरीज करत होतो. शेवटचा पिंजरा उतरला, त्याने सरासरी काढली, पुन्हा काढली, आणि मान हलवली. दोन्ही बाजू सारख्या. सारख्या म्हणजे अगदी सारख्या, एका बाजूच्या कोंबडीने जरा मोठा श्वास घेतला असता तरी फरक दिसला असता, इतक्या.

हेडसरांनी सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला फार जड वाटली. अट बरोबरीची नव्हती. अट पुढे जायची होती. मी मेहुण्याच्या स्कूटरकडे पाहिलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी त्यालाही वाईट वाटत होतं. हरल्याचं दुःख मला एवढं होईल असं वाटलं नव्हतं. मी उगाचच जाळीची एक तार सरळ करत उभा राहिलो.

तेवढ्यात आई खुर्चीवरून म्हणाली, "सारखं भरणारच. दोन्हीकडे मी घालत होते ना."

सगळे तिच्याकडे वळले. तिला आता व्यवस्थित ऐकू येत होतं.

"काय घालत होतीस?" मी विचारलं.

"मसाला. रोज दुपारी, तू झोपलास की. ऊन वाढल्यावर तू छपरावर चढलास की. तू त्यांना एकाच छपराखाली बसवलंस, अलीकडच्यांना वाढलंस आणि पलीकडच्यांना नाही. ती जाळीला चोच लावून बघत बसायची. एका पंक्तीत बसवून असं करतात का रे? मला नाही बघवलं."

मला आधी राग आला. एवढं घासलं, एवढं पळालो, पहाटे उठलो, मिरची खाल्ली, कचेऱ्या झिजवल्या, आणि सगळ्या प्रयोगाची माती झाली. दोन्ही बाजूंना मसाला, म्हणजे तुलनाच नाही. मसाल्याने फायदा होतो की नाही हे आता जगात कुणीही सांगू शकणार नव्हतं. हेडसरही दुखावले होते, कारण ज्यांच्या साधेपणाचं ते इतके दिवस कौतुक करत होते त्या कोंबड्या चोरून मसाला खात होत्या. मी आईला काहीतरी बोलणार होतो. पण ती इतक्या निवांतपणे बसली होती की माझ्या लक्षात आलं, तिच्या लेखी तिने काहीच चुकीचं केलेलं नव्हतं.

बायको इतका वेळ काट्यापाशी उभी होती. ती व्यापाऱ्याला म्हणाली, "सारखं भरलं हे सगळे बघतायत. किती भरलं ते कुणी बघितलं का?"

व्यापारी म्हणाला, तेच मी सांगणार होतो ताई, एवढं वजन तुमच्या शेडमध्ये आजवर कधी भरलं नव्हतं. आणि या उन्हात आसपास कुणाची एवढी कमी मरतूक नाही.

आई म्हणाली, मसाला. गिरणीवालाही म्हणाला, मसाला, आणि त्याच्या आवाजात थोडा पश्चात्ताप होता. मला एकदम उभारी आली. मी पुढे होऊन सांगायला लागलो की निष्कर्ष काढायचा झाला तर आधीच्या बॅचेस आणि ही बॅच यांची तुलना करून, हवामानाचा भाग वजा करून, काही प्रमाणात असं म्हणता येईल की. बायकोने हात वर केला आणि मी थांबलो.

"मसाल्याचं मला कळत नाही," ती म्हणाली. "फायदा झाला असेल, नसेल. पण दिवसातून दोन वेळा प्रत्येक भांडं घासलं गेलं, तूस कोरडं राहिलं, त्या उन्हात पाणी एकदाही गरम राहिलं नाही. हे मला एकटीला कधी जमलं नव्हतं. मी पाहत होते." मग ती भावाकडे वळली. "दुकानासाठी तू दुसरा माणूस बघ. यांना सोडता येणार नाही."

मेहुणा हसला आणि त्याने स्कूटर फाटकापासून वळवून भिंतीकडे लावली.

आता माझी मनःस्थिती काय झाली असेल ती पाहा. आयुष्यभर सांख्यिकी खात्यात घालवलेला माणूस, ज्याने पशुआहारात वनस्पतिजन्य पूरकांचा प्रश्न हाती घेतला, त्याची नेमणूक भांडी घासण्याच्या गुणावर झाली. आणि मसाल्याचं खातं त्याच संध्याकाळी बायकोने आईकडे दिलं, कारण तिच्या हाताला प्रमाण आहे म्हणाली. माझा तराजू आईने लिंबं ठेवायला घेतला. हेडसर मला भांड्यांवरून चिडवतात आणि मी दुखावल्यासारखं तोंड करतो. पण त्या दिवशी सगळे गेल्यावर मी मागच्या पायरीवर बसलो आणि मला इतका आनंद झाला की डोळे पुसावे लागले. तो आनंद मी कुणाला दाखवला नाही.

नवी पिल्लं आली आहेत. परवा सकाळी मी शेडमध्ये होतो, पाण्यात हात कोपरापर्यंत बुडालेले. बाहेर हेडसरांनी फाटकापाशी येऊन माझी चौकशी केली. त्यांना चौकात चहाला जायचं होतं आणि सोबत हवी होती. माझ्या निवृत्तीपासून आजवर अशी चौकशी झाली की बायको आतूनच ओरडायची, बसलेत, न्या त्यांना. मी ब्रश थांबवून ऐकत राहिलो.

"आत्ता नाही जमायचं," ती त्यांना म्हणाली. "ते कामात आहेत."

माझी सगळी भांडी घासून झाली होती. मी त्यांतलं एक उचललं आणि पुन्हा घासायला घेतलं.